सॉसेजमधलं विष आणि वाइन्सबर्गचा सरकारी डॉक्टर

केळशीच्या एक काकू गेली चार वर्षं माझ्याकडे येतात. गाव माझंही तेच, म्हणून काकू. वय सत्तरच्या पुढे. उजव्या गालात, वरच्या हिरडीपासून कानाच्या पाळीपर्यंत, विजेचा झटका बसावा तशी कळ जाते. काही सेकंदच, फार तर मिनिटभर. मग काहीच नाही, आणि पुन्हा अचानक. दात घासताना, चूळ भरताना, घास चावताना, गालावरून पदर सरकला तरी. आमच्या गावात वाळूच्या टेकडीपलीकडून संध्याकाळी समुद्राचा वारा येतो, त्यासाठी लोक मुद्दाम बाहेर बसतात. काकू त्या वेळी खिडक्या लावून, तोंडाला पदर गुंडाळून आत बसायच्या. जेवण निम्म्यावर आलं होतं.

पहिल्यांदा त्या आल्या तेव्हा मीही दात दाखवून घ्या म्हणून चिठ्ठी दिली होती. दोन दाढा गेल्या आणि कळ तिथेच राहिली. या दुखण्यात असं फार जणांचं होतं, हे मला पुस्तकातून माहीत होतं. तरी माझ्या हातून ते झालं.

दुखण्याचं नाव ट्रायजेमिनल न्यूराल्जिया. चेहऱ्याची संवेदना मेंदूकडे नेणारी पाचव्या क्रमांकाची नस तीन फाट्यांची असते. ती मेंदूजवळ जिथे सुरू होते, तिथे बऱ्याच रुग्णांमध्ये एखादी धमनी तिला टेकलेली असते. ठोक्यागणिक दाब पडून नसेचं आवरण झिजतं. मग स्पर्शाचा साधा निरोपही कळ म्हणून पोहोचतो. तोंड वाकडं होतं तो आजार वेगळा आणि त्याची नसही वेगळी, सातवी. आयुर्वेदात अनंतवात म्हणून जे वर्णन आहे ते याच दुखण्याशी जुळतं, असं बरेच वैद्य मानतात.

कार्बामाझेपिन या गोळीनं काकूंना वर्षभर चांगला आराम पडला. मग डोस वाढवावा लागला, चक्कर येऊ लागली, रक्तातलं सोडियम उतरलं. मुंबईच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी सांगितलं, की ऑपरेशन हा चांगला उपाय आहे, पण हृदयाची अवस्था बघता गालात बोट्युलिनम टॉक्सिनची इंजेक्शनं देऊन पाहू. सूनबाईंनी मोबाइलवर वाचलं आणि घरात गोंधळ उडाला. हे तर जगातलं सर्वांत जहरी विष! आणि नट्या सुरकुत्या घालवायला घेतात ते बोटॉक्सही हेच. काकूंनी मला एकच विचारलं, की विष औषध म्हणून द्यायचं हे मुळात सुचलं कोणाला?

ज्याला सुचलं तो माझ्यासारखाच तालुक्याच्या गावचा सरकारी डॉक्टर होता. त्याचं नाव युस्टिनुस केर्नर. जर्मन भाषकांत तो आजही प्रसिद्ध आहे, पण कवी म्हणून.

केर्नरचा जन्म १८ सप्टेंबर १७८६ रोजी लुडविग्सबुर्ग इथे झाला. हे गाव दक्षिण जर्मनीतल्या व्युर्टेमबर्ग संस्थानातलं. वडील सरकारी अंमलदार, युस्टिनुस शेंडेफळ. लहानपणी त्याला पोटाचा चिवट आजार जडला. खाल्लेलं पोटात ठरेना. औषधं थकल्यावर हाइलब्रॉनच्या ग्मेलिन नावाच्या डॉक्टरांनी चुंबकत्वाचे उपचार केले. म्हणजे अंगावरून हात फिरवून कसलीशी अदृश्य शक्ती रुग्णात सोडायची, तो त्या काळी युरोपात चाललेला प्रकार. मुलगा बरा झाला. उपचारानं झाला की आपसूक, हे आज कोण सांगणार? पण हातांतून शक्ती वाहते ही खात्री त्याच्या मनात कायमची बसली. पुढे त्याचे परिणाम दिसायचे होते.

१७९९ मध्ये वडील गेले. घरची ओढाताण सुरू झाली आणि मुलाला कापडाच्या कारखान्यात उमेदवारीला लावलं. तिथे त्याचा जीव रमेना, तो कविता लिहीत बसे. कविता करणाऱ्या एका प्राध्यापकांनी त्याला तिथून सोडवलं आणि १८०४ मध्ये तो ट्युबिंगेनच्या विद्यापीठात वैद्यकी शिकायला गेला. तिथे लुडविग ऊलांडसारखे कवी मित्र मिळाले. तिथले वैद्यकीचे मोठे प्राध्यापक आउटेनरीथ यांच्या रुग्णालयात १८०६ साली एक वेडसर झालेला रुग्ण दाखल झाला. तो म्हणजे जर्मन भाषेतला थोर कवी ह्योल्डरलिन. त्याच्यावर लक्ष ठेवून रोजची नोंद लिहायचं काम विद्यार्थी केर्नरकडे आलं. रुग्ण काय खातो, कसा झोपतो, काय बडबडतो, हे दिवसामागून दिवस लिहून ठेवायचं. नोंदवहीची ही सवय पुढे त्याच्या कामी आली, असं मला वाटतं. १८०८ मध्ये प्राण्यांच्या श्रवणशक्तीवर प्रबंध लिहून तो डॉक्टर झाला.

त्यानंतरची त्याची वाट आपल्याकडच्या बदलीच्या नोकरीसारखीच आहे. विल्डबाड, वेल्झहाइम, गाइलडॉर्फ. फ्रीडरिके एहमान या मुलीशी त्याचं प्रेम विद्यार्थीदशेपासूनचं, पण हाताशी कमाई नसल्यानं लग्नाला १८१३ उजाडलं. १८१९ च्या सुरुवातीला वाइन्सबर्ग या द्राक्षमळ्यांच्या गावी तो तालुक्याचा सरकारी डॉक्टर म्हणून आला. आपल्याकडे पेशवाई बुडून जेमतेम काही महिने झाले होते. या गावातून केर्नर मग कधी हललाच नाही.

व्युर्टेमबर्गमध्ये तेव्हा लोक एका चमत्कारिक आजारानं मरत होते. डुक्कर मारलं की रक्त, चरबी आणि इतर मसाला आतड्यात किंवा जठराच्या पिशवीत ठासून भरायचा, उकळत्या पाण्यातून काढायचा, धुरावर टांगायचा आणि पुढचे काही महिने खायचा, ही तिथली घरगुती पद्धत. नेपोलियनच्या युद्धांनी खेडी नागवली होती. आंबूस वास आला म्हणून मांस फेकून देणं कोणाला परवडत नव्हतं. १७९३ मध्ये विल्डबाडला अशा एका सॉसेजनं १३ जण आजारी पडले, त्यांतले ६ दगावले. १८०२ मध्ये राजधानी श्टुटगार्टहून सरकारनं जाहीर इशारा काढला. तरी मृत्यू थांबले नाहीत. आउटेनरीथ यांनी जिल्ह्याजिल्ह्यांतून अशा घटनांची माहिती मागवायला लावली, हे फार मोठं काम. मात्र कारण सांगताना त्यांनी बोट ठेवलं ते घरच्या बायकांवर: सॉसेज फुटू नये म्हणून त्या ते पुरेसं उकळत नाहीत. त्यात तथ्य होतं. पण घरात एक डुक्कर आणि पुढे आख्खा हिवाळा असेल, तर सॉसेज फुटू न देणारी बाई अडाणी कशी ठरते, हा प्रश्न राहतोच.

केर्नरनं या मृत्यूंचा पिच्छा पुरवला. १८१७ मध्ये त्यानं पहिले रुग्ण नोंदवले, १८२० च्या पुस्तकात ७६ रुग्णांचं वर्णन दिलं, आणि १८२२ च्या पुस्तकात १५५ रुग्णांचं. प्रयोगशाळा नव्हती, सूक्ष्मदर्शकाखाली बघायला काय शोधायचं हेही ठाऊक नव्हतं. रुग्णाजवळ बसायचं, घरच्यांना विचारायचं, मृत्यू झाला तर शवविच्छेदन करायचं आणि लिहायचं. आज मी ते वर्णन विद्यार्थ्यांना सांगतो तेव्हा त्यात फारसं काही बदलावं लागत नाही. खाल्ल्यावर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी उलटी. मग एकाची दोन दिसू लागतात, पापण्या खाली पडतात, बाहुल्या मोठ्या होतात आणि उजेडानं लहान होत नाहीत. तोंड कोरडं ठणठणीत, डोळ्यांत पाणी नाही. घोट गिळता येत नाही, आवाज बसतो. मग हातपाय सैल पडतात आणि शेवटी श्वास. एवढं होईतो रुग्ण पूर्ण शुद्धीवर असतो. त्याला सगळं समजतं आणि स्पर्शही कळतो, पण हलता येत नाही.

या शेवटच्या निरीक्षणातच केर्नरची हुशारी दिसते. विष मेंदूवर परिणाम करत नाही, संवेदना बधिर करत नाही. ते नसेकडून स्नायूकडे, ग्रंथीकडे जाणारा हुकूम अडवतं. विजेच्या तारेला गंज चढला की प्रवाह अडतो, तसं काहीसं नसेचं होतं, अशी उपमा त्यानं वापरली. विजेचे दिवे येण्याच्या अर्धशतकाहून अधिक आधीची ही गोष्ट आहे.

त्यानं खराब सॉसेजचा अर्क काढला आणि मांजरं, ससे, पक्षी, बेडूक यांना दिला. मग स्वतः घेतला. थेंबाथेंबानं जिभेवर. तोंड कोरडं पडलं, घसा आवळल्यासारखा झाला, पापण्या ताणल्यागत वाटल्या, तळहात-तळपाय सुकले. सगळं त्यानं लिहून ठेवलं. घरी बायको आणि लहान मुलं असताना केलेलं हे धाडस मला कधीच पटलेलं नाही. आज कोणतीही नैतिकता समिती त्याला परवानगी देणार नाही. पण सॉसेजच्या आत, जिथे हवा पोहोचत नाही तिथेच हे विष तयार होतं, आणि अगदी कणभरही पुरतं, या निष्कर्षांपर्यंत तो पोहोचला. एका बाबतीत मात्र चुकला. हे विष म्हणजे चरबी कुजून झालेलं आम्ल असावं, असं त्याला वाटलं. जंतूंमुळे रोग होतात हे कळायला अजून कित्येक वर्षं होती.

१८२२ च्या त्या पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात तो वेगळ्याच वाटेला वळतो. हे विष अतिउत्तेजित नसांना शांत करतं, मग अगदी सूक्ष्म मात्रेत ते औषध का होऊ नये? हातपाय आपोआप नाचवणारा एक विकार त्याच्या डोळ्यांपुढे होता, घाम किंवा लाळ अति सुटणारे रुग्ण होते. आज या दोन्हींसाठी, म्हणजे अनैच्छिक हालचाली आणि अतिस्राव यांसाठी, हे औषध खरोखर वापरतात. वेदनेचा विचार मात्र त्यानं केलेला नव्हता, ते श्रेय त्याला देता येत नाही. आपली सूचना अजून तर्कच आहे आणि ती पुढच्या प्रयोगांनी तपासावी लागेल, हेही त्यानं स्पष्ट करून ठेवलं.

आणि हाच माणूस चार वर्षांनी भुतांच्या मागे लागला.

१८२६ मध्ये फ्रीडरिके हाउफे नावाची, झटके आणि भास होणारी एक आजारी तरुणी त्याच्याकडे उपचाराला आली. केर्नरनं लहानपणी स्वतःवर झालेले चुंबकत्वाचे उपचार तिच्यावर सुरू केले. ती तंद्रीत जाई, मेलेल्यांशी बोले, भविष्य सांगे. केर्नर तिला घरी ठेवून घेऊन तेवढ्याच चिकाटीनं सगळ्याची नोंद करत राहिला. १८२९ मध्ये ती वारली आणि त्याच वर्षी तिच्यावरचं त्याचं पुस्तक आलं. सॉसेजच्या विषावरच्या पुस्तकापेक्षा ते कितीतरी पटींनी खपलं. गंभीर लोक त्याला हसू लागले. कोकणात नोकरी करताना मला या प्रकरणाचं फार नवल वाटत नाही. अंगात येणं बघितलेल्या डॉक्टरला दोनच गोष्टी सोप्या असतात, हसणं नाहीतर हात जोडणं. केर्नर हसला नाही, पण तपासायलाही विसरला. मांजरावर प्रयोग करणाऱ्यानं इथे उलट बाजू पडताळलीच नाही.

वाइन्सबर्गचं त्याचं घर पाहुण्यांनी भरलेलं असे. कवी येत, राजपुत्र येत. १८३१ च्या उठावात हरलेले पोलिश सैनिक फ्रान्सकडे जाताना तिथे टेकत. सगळ्यांची सरबराई अर्थातच फ्रीडरिकेवर. गावच्या पडक्या किल्ल्याच्या दुरुस्तीसाठी त्यानं स्त्रियांचं मंडळ काढलं आणि भिंतींच्या भगदाडांत वाऱ्यानं वाजणाऱ्या वीणा बसवल्या. १८४० मध्ये शूमान या संगीतकारानं त्याच्या बारा कवितांना चाली लावल्या, त्या आजही गातात. तिथल्या एका द्राक्षाच्या जातीलाही त्याचं नाव आहे.

म्हातारपणी मोतीबिंदूनं दृष्टी गेली आणि १८५१ मध्ये नोकरी सोडावी लागली. लिहिताना कागदावर शाईचे डाग पडत. तो कागद दुमडून त्या डागांतून चेहरे, भुतं, फुलपाखरं शोधायचा आणि खाली चार ओळी लिहायचा. मानसोपचारात शाईच्या डागांची चाचणी येण्याच्या कितीतरी आधी. १८५४ मध्ये फ्रीडरिके गेली. २१ फेब्रुवारी १८६२ रोजी केर्नर वारला.

डिसेंबर १८९५ मध्ये बेल्जियममधल्या एलेझेल गावी अंत्ययात्रेत वाजवायला आलेल्या ३४ वादकांनी खारवलेलं डुकराचं मांस खाल्लं. तिघे मेले. एमिल व्हान एर्मेंगेम या प्राध्यापकांनी त्या मांसातून आणि मृतांच्या शरीरातून जंतू वेगळा काढला. लॅटिनमध्ये सॉसेजला बोट्युलस म्हणतात, त्यावरून जंतूचं नाव पडलं. हा जंतू ओल्या, हवाबंद, आंबटपणा नसलेल्या पदार्थात वाढतो. आपल्याकडे सुके बोंबील उघड्यावर खडखडीत वाळवतात, कैरीचं लोणचं आंबट असतं, म्हणून तिथे त्याला जागा मिळत नाही. पण लसूण नुसत्या तेलात बुडवून आठवडेच्या आठवडे बाहेर ठेवू नका. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका. मधातले या जंतूचे बीजाणू तान्ह्याच्या आतड्यात रुजून विष तयार करू शकतात. बारशाला आलेल्या वडीलधाऱ्यांशी यावरून माझा नेहमी वाद होतो.

केर्नरचं शेवटचं प्रकरण खरं व्हायला दीडशे वर्षं गेली. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ ॲलन स्कॉट यांनी शुद्ध केलेलं विष तिरळेपणासाठी आधी माकडांच्या आणि मग १९७७ पासून माणसांच्या डोळ्याच्या स्नायूंत टोचलं. १९८९ मध्ये अमेरिकेत औषध म्हणून मान्यता मिळाली. चेहऱ्याच्या स्नायूंसाठी इंजेक्शन घेणाऱ्या काही रुग्णांचं दुखणंही कमी झालेलं डॉक्टरांना दिसू लागलं. वेदनेची नस आपला निरोप पुढे देताना जी रसायनं सोडते, तीही हे विष रोखतं. म्हणजे संवेदनेवर परिणाम नाही हे केर्नरचं निरीक्षण विषबाधेत बरोबर होतं, पण गोष्ट तिथेच संपत नव्हती.

ट्रायजेमिनल न्यूराल्जियावर चीनमध्ये झालेली चाचणी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. रुग्ण ४२. निम्म्यांना औषध, निम्म्यांना नुसतं सलाइन, आणि कोणाला काय दिलं ते रुग्णालाही माहीत नाही, डॉक्टरलाही नाही. औषध मिळालेल्यांपैकी ६८ टक्के रुग्णांचं दुखणं निम्म्याहून खाली आलं. सलाइनवाल्यांत १५ टक्के. आकडे चांगले आहेत, पण ४२ ही संख्या लहानच. त्यामुळे पहिला उपाय अजूनही गोळी, आणि प्रकृती झेपत असेल तर ऑपरेशन. गोळी सोसत नाही आणि ऑपरेशन करता येत नाही, अशांसाठी इंजेक्शन. या दुखण्यासाठी त्याला अधिकृत मान्यता नसली तरी तज्ज्ञ ते समजावून, संमती घेऊन देतात. औषध ग्रॅमच्या अब्जाव्या भागांत मोजावं इतकं असतं. बारीक सुईनं कळ येते त्या पट्ट्यात त्वचेखाली ठिकठिकाणी टोचतात. आराम पडायला आठवडा-दोन आठवडे लागतात आणि तो साधारण तीन महिने टिकतो. एका बाजूचा गाल काही आठवडे थोडा सैल पडू शकतो. गर्भवतींना, स्नायू दुर्बल करणारा मायस्थेनियासारखा आजार असलेल्यांना देत नाहीत. ब्युटीपार्लरमध्ये तर हे कधीच घेऊ नका.

काकूंना मी हे सगळं दोन बैठकांत सांगितलं. भुतांचं प्रकरण त्यांना सर्वांत आवडलं. विषाचं ऐकून त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि मग मुंबईचं तिकीट काढायला मुलाला सांगितलं. इंजेक्शनानंतर बाराव्या दिवशी कळा दिवसाला तीस-चाळीसवरून पाच-सहांवर आल्या. गोळी निम्मी करता आली, चक्कर थांबली. हसताना उजवा ओठ थोडा मागे राहायचा, तो सव्वा महिन्यात जागेवर आला. कळ पूर्ण गेली नाही, आणि चौदाव्या आठवड्यात पुन्हा वाढायला लागली. आता दुसऱ्या खेपेची तारीख आली आहे. चैत्रात महालक्ष्मीचा उत्सव आहे, तो सोडून त्या जाणार नाहीत. मुंबईच्या डॉक्टरांना फोन करून मी तारीख पौर्णिमेनंतरची मागून घेतली आहे.